नाव तुझंच राहणार

सिरसाळा, ता. परळी वैजनाथ, जि. बीड

चि. भाचीबाईस,


तुझा निरोप मिळाला. आक्काकडून न कळवता तू स्वतः लिहिलंस, आणि एकच प्रश्न विचारलास : "मामा, माझंही आता तुमच्यासारखंच होणार का?" मोबाइलवर दोन ओळींत देण्याजोगं हे उत्तर नाही, म्हणून बसून पत्र लिहितोय. ते मासिकाला देतोय तेही तुला विचारून, आणि तुझं नाव, कॉलेज, कसलीच खूण न सांगता. तुझा आजार कुणाला सांगायचा हे तूच ठरवायचं. माझा तर अख्ख्या सिरसाळ्याला ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत तुझ्यासारखी पोरगी आहे आणि तिला आजारी मामा नाही. पत्र उघड्यावर लिहिलंय ते तिच्यासाठीही.

आधी रक्ताचं सांगतो, कारण तुझ्या प्रश्नात तीच भीती आहे. बायपोलरचा आजार घराण्यातून येऊ शकतो हे खरं. रक्ताच्या नात्यात कुणाला असेल तर धोका वाढतो. तरी अशा घरातल्या बहुतेकांना तो होत नाही. तुझ्या आईला झाला नाही, धाकट्या मामाला झाला नाही. मला झाला, तुला झाला. यात तुझी काही चूक नाही. आक्काच्या गरोदरपणातल्या ग्रहणाचा दोष नाही, आणि हॉस्टेलला ठेवलं म्हणून झालं असंही नाही. परीक्षेच्या जागरणाचं निमित्त झालं असेल, इतकंच.

आता "तुमच्यासारखं" म्हणजे काय ते बघू. गावात माझं नाव निघालं की लोकांना एक साल आठवतं. त्या साली मी दुकानातली खताची पोती वाटेल त्याला देत सुटलो होतो, रात्री-बेरात्री परळीच्या रस्त्यानं चालत निघायचो, भेटेल त्याला थांबवून बोलत राहायचो. त्यानंतरचा हिवाळा मी भिंतीकडं तोंड करून काढला. तू तेव्हा लहान होतीस. तुझ्या कानावर जे आलं ते लोकांच्या तोंडून आलं, आणि लोकांना गाजावाजा झालेलंच लक्षात राहतं. बाकीची वर्षं कुणी मोजत नाही. या बाकीच्या वर्षांत मी कृषी सेवा केंद्र चालवलं. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की शेतकरी ते खिशात घालून माझ्याकडं आणतो, कारण शिरा हिरव्या राहून मधलं पान पिवळं पडलंय म्हणजे चुनखडीच्या रानात लोह कमी पडलंय की हा मोझॅक आहे, ते मला नुसतं बघून कळतं. तुझ्या मामेभावाची शाळा झाली. तुझ्या आजीचं दुखणं आम्ही घरी काढलं. यातलं काहीच आजारानं केलेलं नाही आणि आजारानं अडवलेलंही नाही. "मामासारखं" म्हणताना तुला यातलं काय दिसलं? ते एकच साल दिसलं असेल, तर तुझी भीती मला समजते. पण तो हिशेब अपुरा आहे.

तू शेतकऱ्याची लेक आहेस, सातबारा तू पाहिलेला आहेस. त्यात भोगवटादाराचं नाव एका रकान्यात असतं आणि बँकेचा बोजा "इतर हक्क" या रकान्यात. बोजा खरा असतो. तो फेडावा लागतो, त्याच्या तारखा पाळाव्या लागतात, आणि तो नाहीच असं समजून व्यवहार केला की माणूस अडचणीत येतो. पण बोजा चढला म्हणून कुणी जमिनीच्या मालकाच्या जागी बँकेचं नाव लिहीत नाही. तुझ्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं "बायपोलर मूड डिसऑर्डर" हे इतर हक्कातलं आहे. भोगवटादाराच्या जागी तुझं नाव आहे, आणि तिथं दुसरं काही लिहायचा अधिकार डॉक्टरांना नाही, गावाला नाही, तुझ्या आईलाही नाही.

काही शहाणी माणसं तुला उलटं सांगतील. म्हणतील, असलं नाव लावूनच घेऊ नकोस, डॉक्टर उगाच शिक्के मारतात, मन घट्ट केलं की झालं. त्यांचं ऐकू नकोस. नेमकं नाव कळणं उपचारासाठी फार मोलाचं असतं. बायपोलरचा माणूस खिन्न असताना दवाखान्यात गेला आणि त्याला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या, तर तो दुसऱ्या टोकाला, उन्मादाकडं ढकलला जाऊ शकतो. म्हणून तर डॉक्टर मागचं सगळं खोदून विचारतात : कधी झोपेविना दिवस काढलेस का, कधी पैसे उधळलेस का. ते नाव गोळी ठरवण्यासाठी आहे. त्या कामापुरतं ते घट्ट धर. तुझा स्वभाव, तुझी हुशारी, तुझं लग्न, तुझं हसणं यांच्यावर त्याला बोलू देऊ नकोस.

आणि खरी अडचण इथंच येते, बाई. परक्यांपेक्षा घरात जास्त येते. तू घरी आलीस की अनुभव घेशील. तू मोठ्यानं हसलीस तर आजूबाजूची माणसं एकमेकांकडं बघतील. भावाशी भांडलीस तर विचारतील, "गोळी घेतलीस का?" नवी साडी घ्यावीशी वाटली तर विचारतील, "बरं वाटतंय ना?" आणि एखाद्या दुपारी गप्प बसलीस तर आक्का फोन करून मला कळवेल. ही माणसं वाईट नसतात. घाबरलेली असतात, आणि त्यांनी तुझ्यासाठी रात्री काढलेल्या असतात. पण ज्या माणसाचा प्रत्येक राग आजाराच्या खात्यावर टाकला जातो, त्याला रागावण्याचं खरं कारण असलं तरी कुणी ते ऐकून घेत नाही. व्यापाऱ्यानं मला फसवलं, मी त्याला बोललो, आणि भोवतालचे म्हणाले, यांना त्रास सुरू झालाय. त्या दिवशी फसवणारा सुटला. आजारापेक्षा याचं दुःख मला जास्त झालंय.

यावर आम्ही जे केलं ते तुला सविस्तर सांगतो, कारण मला ते सगळ्यात उपयोगी पडलं. माझी तब्येत पूर्ण बरी असताना मी, तुझी मामी, धाकटा मामा आणि डॉक्टर असे बसलो आणि कागदावर लिहून काढलं की कशाला आजार म्हणायचं. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप आणि तरी सकाळी थकवा नाही, ही एक खूण. वहीत नोंद न करता उधारी देणं किंवा कुणाला न विचारता कंपनीला मोठी ऑर्डर देणं, ही दुसरी. समोरच्याला तोंड उघडू न देता बोलत राहणं, ही तिसरी. आणि दुसऱ्या बाजूची चौथी : सकाळी दुकान उघडायला न उठणं, अंघोळ टाळणं, जेवणावरून मन उडणं. यातल्या पहिल्या तीनपैकी दोन एकदम दिसल्या, किंवा चौथी आठवडाभर टिकली, तर मामीनं मला न विचारता डॉक्टरांना फोन लावायचा आणि मी अडवायचं नाही. हे माझ्या सहीनिशी ठरलं आहे. याखेरीज माझा राग हा माझा राग, माझं हसणं हे माझं हसणं. त्यावरून गोळीची चौकशी करायची नाही.

या कागदानं दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. मामीला दिवसभर माझ्यावर नजर ठेवावी लागत नाही, आणि मला दिवसभर शहाणा असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. तुझ्या खुणा माझ्यापेक्षा वेगळ्या असतील. तुझी मैत्रीण म्हणाली म्हणे, की आजारी पडण्याआधी तू रात्री दोनला खोलीची साफसफाई काढत होतीस. ते लिहून ठेव. आक्काला जवळ बसव आणि आता बरी आहेस तेव्हाच हे लिहून घे. बिघडल्यावर कुणाचं कुणाला पटत नाही.

आता औषधाचं. तुला डॉक्टरांनी लिथियम सुरू केलंय असं कळलं. मीही तेच घेतो. तो एक साधा क्षार आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरानं १९४९ साली त्याचा उन्मादावर उपयोग होतो हे दाखवलं. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेला, आणि त्यानं आपले प्रयोग मेलबर्नच्या एका रुग्णालयातल्या वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात केले. त्याचा पहिला रुग्ण वर्षानुवर्षं वॉर्डात पडून होता, तो बरा होऊन कामाला लागला. पुढं तोच रुग्ण लिथियमच्या विषबाधेनं गेला, कारण रक्तातली पातळी मोजण्याची पद्धत तेव्हा बसलेली नव्हती. हे तुला घाबरवायला सांगत नाही. आज ती मोजता येते, आणि म्हणूनच रक्ततपासणीची तारीख चुकवायची नसते. रात्रीची गोळी घेतल्यावर बारा तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आत रक्त द्यायचं. किडनी आणि थायरॉइडची तपासणीही डॉक्टर सांगतील तेव्हा करायची.

आपल्या भागात आणखी एक जपावं लागतं, ते मेच्या उन्हाचं. पारा चाळिशीच्या वर जातो, घाम जातो, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं, आणि गोळी तेवढीच असूनही रक्तातलं लिथियम वाढतं. म्हणून पाणी भरपूर पी. निर्जळी एकादशी करू नकोस. नवरात्राचे उपवास करायचे असतील तर डॉक्टरांना विचारून कर. तुझ्या आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, देवाला ठाऊक आहे तुझं, तू पाणी पी. पाठ दुखली, डोकं दुखलं म्हणून मेडिकलवरून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही, त्यानंही पातळी चढते. हात जास्तच थरथरले, उलट्या-जुलाब लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर वाट बघायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा.

बरं वाटायला लागलं की गोळी नको वाटते. तो मोह सगळ्यांना होतो. अमेरिकेत के रेडफिल्ड जेमिसन नावाच्या बाई आहेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मनोविकारशास्त्र विभागाच्या प्राध्यापक. फ्रेडरिक गुडविन यांच्यासोबत त्यांनी या आजारावर जो ग्रंथ लिहिला, तो जगभरचे डॉक्टर अभ्यासाला वापरतात. आणि १९९५ साली आपल्या आत्मकथनात त्यांनी जाहीर केलं की हाच आजार त्यांना स्वतःला आहे. इतकं जाणणाऱ्या बाईंनीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत लिथियम पुनःपुन्हा सोडलं होतं, आणि त्याची किंमत जिवावर बेतण्याइतकी मोजली. पुढं औषध नियमित झालं, आणि त्याच्या आधारावर त्यांनी उभं आयुष्य काम केलं. आजाराचा ग्रंथ लिहिणारी आणि आजार भोगणारी बाई एकच, हे वाचल्यापासून माझ्या मनातली एक गाठ सुटली.

माझ्या धंद्यात जून सगळ्यात धोक्याचा. मृग लागला, पहिला पाऊस झाला की पहाटे पाचपासून दुकानापुढं रांग लागते. कापसाच्या पिशव्या, सोयाबीनचं बियाणं, डीएपी, सगळ्यांना एकाच दिवशी सगळं हवं असतं. रात्री बारापर्यंत दुकान उघडं ठेवलं तर कमाई चांगली होते. मी ठेवत नाही. रात्री नऊला शटर ओढतो आणि दहाला झोपतो. पलीकडचा दुकानदार माझं गिऱ्हाईक नेतो, ते मला मान्य आहे. झोप हीसुद्धा माझी गोळी आहे. तुझा जून म्हणजे परीक्षा. रात्रभर जागून वाचणाऱ्या मुलींच्या नादाला लागू नकोस. त्यांच्या शरीराला ते चालत असेल, तुझ्या नाही चालत.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मोठ्यांनीही वाचावी. माझ्या दुकानात कीटकनाशकं असतात. मन फार खाली गेलेल्या दिवसांत त्यांच्या कपाटाची किल्ली धाकट्या मामाकडं असते. हेही बरा असतानाच ठरवलंय, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. मरणाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात हाताशी साधन नसलं की माणूस वाचतो आणि नंतर जगतो. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध माजघरात, धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेलं मी रोज बघतो आणि गिऱ्हाइकाला रोज सांगतो, कुलपात ठेवा. तुला तसे विचार आले, कधीही, तर मला फोन कर. मी नसलो तर १४४१६ लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ च्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १० ऑक्टोबरला सुरू झालेली. फुकट आहे, रात्रीही चालू असते, आणि मराठीत बोलता येतं.

कायद्याचंही थोडं ऐक. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटलंय की एखाद्याला मानसिक आजार असल्याचं निदान झालं एवढ्यावरून तो माणूस विकल मनाचा ठरत नाही; ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. म्हणजे जे मी तुला सातबाऱ्यावरून समजावतोय, ते संसदेनं आधीच लिहून ठेवलंय. याच कायद्यानं तुला आपला प्रतिनिधी नेमता येतो, आणि पुढं कधी बिघडलं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लेखी देऊन ठेवता येतं. तातडीच्या उपचारात तो कागद आड येत नाही, पण एरवी डॉक्टरांना त्याची दखल घ्यावी लागते. माणसाला साखळीनं बांधून ठेवायलाही याच कायद्यानं बंदी केली. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आगीत २८ मनोरुग्ण जळून गेले, कारण ते साखळदंडानं बांधलेले होते, पळता आलं नाही. आपल्याकडंही "बाहेरचं आहे" म्हणून पोरांना दर्ग्यात, देवस्थानात महिनोन्महिने ठेवणारी घरं आहेत. तुझ्या आईनं तुला आधी दवाखान्यात नेलं. हे तिचं मोठेपण तू विसरू नकोस.

लग्नाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली असेल, "मामावर गेली" म्हणून. माझं मत पक्कं आहे : लपवून लग्न करायचं नाही. मी तुझ्या मामीच्या वडलांना त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं, गोळ्यांची पाकिटं दाखवली. त्यांनी चार दिवस विचार केला आणि होकार दिला. काही घरं नकार देतील. देऊ दे. जे घर तुझ्या गोळीला घाबरतं, ते उद्या तुझ्या तापालाही घाबरेल. आणि लग्नानंतर कुणी आजाराच्या नुसत्या नावावर तुला घराबाहेर काढू म्हणालं, तर १९८८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा राम नारायण गुप्ता खटल्याचा निकाल लक्षात ठेव. नवऱ्यानं बायकोला स्किझोफ्रेनिया आहे म्हणून घटस्फोट मागितला होता. न्यायालयानं तो दिला नाही. नुसतं आजाराचं नाव लावून भागत नाही, तो कोणत्या प्रतीचा आहे आणि त्यामुळं संसार खरंच अशक्य होतो का ते सिद्ध करावं लागतं, असं न्यायालयानं सांगितलं.

मूल हवंसं वाटेल तेव्हा मात्र डॉक्टरांशी आधी बोल. या आजाराची काही औषधं, विशेषतः सोडियम व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला इजा करू शकतात, म्हणून तरुण मुलींना ती शक्यतो देत नाहीत. लिथियमबद्दलही आधीच ठरवावं लागतं. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. हा आजार असलेल्या कितीतरी बायका आई झाल्या आहेत.

तुला एकटं वाटतं, ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण आकडा बघ. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली देशभर पाहणी केली. शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. बायपोलर हजारात तिघांना, आणि त्यांतल्या दहापैकी सातजणांवर काहीच उपचार चालू नव्हते. या हिशेबानं आपल्या बाजारगावात, आणि बाजाराला येणाऱ्या खेड्यांत, तू आणि मी दोघंच नाही. बाकीचे कुठं आहेत? कुणी ऊसतोडीला गेलेलं आहे, कोयत्यावर, आणि मुकादम त्याला "येडा" म्हणतो. कुणी घराच्या मागच्या खोलीत आहे. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. आपल्याला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडलं, हे आपलं नशीब. सिरसाळ्याहून परळी, परळीत गाडी बदलून अंबाजोगाई, मग ओपीडीची रांग, यात मजुराचा एक रोज बुडतो. औषध सोडणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हा बुडालेला रोजही हिशेबात धरावा.

आजारी माणसाच्या घरच्यांना काय करता येतं, याचं मराठी उदाहरण मी पुष्कळांना सांगतो, ते डॉ. जगन्नाथ वाणींचं. ते मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. वाणींनी बायकोचा आजार झाकला नाही आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथं आजारी माणसं आणि त्यांची घरची माणसं एकमेकांशी बोलतात, काम शिकतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' हा सिनेमा त्यांच्याच पाठबळावर निघाला. सुट्टीत तो बघ, आक्काला सोबत घेऊन. अतुल कुलकर्णींनी त्यात आजारी शेष केलाय, सोनाली कुलकर्णींनी त्याची बहीण. शेषला भास होतात, तो भरकटतो, पण देवराईवरचा त्याचा जीव शेवटपर्यंत त्याचाच आहे. दिग्दर्शकांनी तो आजाराच्या नावावर टाकला नाही. म्हणून मला तो सिनेमा खरा वाटतो.

गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं, असं आक्का विचारत होती. मी म्हटलं, पोरीला विचार. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर "तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे" एवढंही खरंच आहे. चार माणसं मात्र अशी ठेव, की ज्यांना सगळं माहीत आहे. आणि एक जागा अशी ठेव, जिथं कुणी या आजाराबद्दल बोलत नाही. माझी ती जागा म्हणजे एकादशीचं भजन. तिथं मला पखवाज वाजवणारा म्हणून ओळखतात. ताल चुकला तर बुवा रागावतात, गोळी घेतली का ते विचारत नाहीत. तुझ्या प्रयोगशाळेत तुझ्या हाताला जी सफाई आहे, ती तुझी तशी जागा होऊ शकेल. तुझे सर मागं म्हणाले होते की टायट्रेशनचं तुझं रीडिंग सहसा चुकत नाही. ते आजाराच्या आधी खरं होतं आणि आजही खरं आहे.

एक वर्ष मागं पडलं म्हणून रडू नकोस. राहिलेले दोन पेपर दिले की तू पदवीधर होशील, आणि पुढं एम.एस्सी. करायचं की बी.एड., ते तुझं तू ठरव. डॉक्टरांची फी, येण्या-जाण्याचा खर्च, याची काळजी आक्कानं करायची नाही. मी आणि धाकटा मामा बघतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. आजार माझ्यासारखा असेल. बाकी तू माझ्यासारखी होणार नाहीस, तुझ्या आईसारखीही नाही. रक्ततपासणी येत्या सोमवारी आहे, सकाळची गोळी न घेता जा. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आलीय, या आठवड्यात भर आणि पावती मला पाठव.

तुझा,
मामा